खुर्चीवाल्यांच्या शब्दांची वाटणी

जमीन वाटता येते, घर वाटता येतं, वेळ पडली तर म्हातारे आईवडीलही सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर वाटून घेता येतात. पण भाषा सर्वांची असते, शब्दांवर कुणाची मालकी नसते आणि म्हणून शब्दांची वाटणी कधीच होऊ शकत नाही, असं थोर विचारवंत सांगत आले आहेत. या विचारवंतांना मेहुणे नसावेत. मला दोन आहेत.

माझ्या सासऱ्यांचं सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करण्याचं दुकान होतं. सगळे त्यांना 'खुर्चीवाले' म्हणत. गादी बसली, स्प्रिंग वर आली, कापड विटलं की लोक खुर्चीवाल्यांना बोलावत. काम झालं की ते खुर्ची पालथी घालून खाली स्वतःचं एक लेबल चिकटवत, ती पुन्हा सरळ करत आणि "बसून बघा" म्हणत. यापलीकडे त्यांनी आयुष्यात फारशी भाषणं केली नाहीत. ते गेले आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली.

वाटणी अगदी रीतसर झाली, म्हणजे कुणाचंच समाधान झालं नाही. हातोड्या दोन होत्या, त्या एकेक घेतल्या. कात्री एकच होती. ती थोरल्याला दिली आणि त्या बदल्यात मोजपट्टी धाकट्याला. तेव्हापासून एक जण न मोजता कापतो आणि दुसरा मोजून बसून राहतो. दुकानाचा जुना बटणांचा फोन होता, तो दोघांनाही नको होता, म्हणून त्यावर भांडण झालं नाही.

राहिलं ते शिलाई मशीन. जाड कापड आणि चामडं शिवायचं, ओतीव लोखंडाचं, चौघांनी उचलायचं. ते दोघांनाही हवं होतं. मग निकाल लागेपर्यंत ते एखाद्या तिऱ्हाइताकडे ठेवावं असं ठरलं. तिऱ्हाईत म्हणजे बहिणीचा नवरा.

मशीन टेम्पोतून आलं. पुढे ड्रायव्हरशेजारी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर तेलाची कुपी आणि एक गाठोडं.

"मशीनला दर रविवारी तेल लागतं," त्या खाली उतरता उतरता म्हणाल्या. "सुनांना जमायचं नाही. जावईबापू, जरा हात धरा."

माझ्या घरात एक छोटी खोली आहे. बायको तिला अडगळीची खोली म्हणते, मी ऑफिस म्हणतो. तिथे माझं टेबल होतं आणि लग्नात सासऱ्यांनी स्वतः मढवून दिलेली खुर्ची होती. टेबल बाहेर गेलं, मशीन आत आलं. खुर्ची राहिली, कारण मशीनवर बसायलाही काहीतरी लागतंच. मी लॅपटॉप मशीनच्या फळीवर ठेवून काम करू लागलो. विचार करताना पाय हलवायची मला सवय आहे आणि पायाखाली मशीनची पट्टी होती. त्यामुळे मी विचार करू लागलो की नाकासमोर सुई वरखाली व्हायची. एकदा एका ग्राहकाचा करार मी वाचता वाचता स्वतःच्या बाहीला शिवून घेतला. शिलाई मजबूत होती. सासूबाईंनी ती उसवून दिली, पण शर्टाच्या कापडाबद्दल जे बोलायचं ते बोलूनच.

सासूबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. हे वाक्य मी त्या शेजारच्या खोलीत असताना लिहितो आहे. पण मला माझी खोली परत हवी होती. सकाळी उठल्यापासून माझ्या मनात दुसरं काही नसायचं.

माझा धंदा जाहिरातींचा. लोक फोनवर काहीतरी शोधतात, तेव्हा वरती आपल्या दुकानदाराची जाहिरात दिसावी यासाठी मी शब्द निवडतो. त्यांना कीवर्ड म्हणतात. मग सारख्या गरजेचे कीवर्ड एका गटात घालायचे आणि प्रत्येक गटाला शोभेल अशी जाहिरात लिहायची. ज्याची गादी बसली आहे त्याला गादीची जाहिरात, ज्याचा पाय मोडला आहे त्याला पायाची, म्हणजे खुर्चीच्या. कुणी जाहिरातीवर क्लिक केलं की दुकानदाराचे पैसे जातात, म्हणून नको ते लोक येऊ नयेत यासाठी नको ते शब्द वगळून ठेवायचे. बायको या सगळ्याला 'धान्य निवडणं' म्हणते. खडे बाजूला काढायचे, दाणे ठेवायचे. "फक्त आम्ही शेवटी शिजवतो," असंही म्हणते.

एके दिवशी तिने दारात उभं राहून सांगितलं, "अहो, दादा आणि बाळ दोघंही म्हणतायत, सगळी वाटणी पुरी झाल्याशिवाय मशीनचा निकाल लागणार नाही."

"झालीय की पुरी. चिमटेसुद्धा वाटले."

"एक गोष्ट राहिलीय."

"कोणती?"

"तुमचे ते शब्द."

सासरे असताना मी हौसेने दुकानाची जाहिरात चालवायचो. त्याचं खातं अजून माझ्याकडेच होतं आणि त्यात दोन-अडीचशे शब्द निजून होते. सासऱ्यांनी त्यात कधी डोकावलं नाही. "जावई काहीतरी करतात," एवढंच ते लोकांना सांगत. आणि त्यांच्या आवाजावरून लोकांना वाटे, मी बरा व्हावा म्हणून घरचे प्रयत्न करत आहेत.

"शब्द वाटले की मशीन जाईल?" मी विचारलं.

"त्याच दिवशी, म्हणतायत."

मी ताबडतोब रविवार ठरवला.

थोरल्या मेहुण्याला सगळे दादा म्हणतात. तो आला आणि आमच्या हॉलमधल्या सर्वांत मोठ्या खुर्चीत बसला. बसण्यापूर्वी त्याने ती दाबून पाहिली आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ही त्या घराण्याची टीका करण्याची पद्धत आहे. धाकट्याला सगळे बाळ म्हणतात. बाळाच्या कानावरचे केस पांढरे झाले आहेत. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला, म्हणजे रागावून निघून जायला सोपं पडतं.

दादाचा पडद्यावरच्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणून मी सगळे शब्द चिठ्ठ्यांवर छापून आणले होते. त्या टीपॉयवर गटवार मांडल्या: दुरुस्ती, नवं कापड, गाद्या, जुन्या खुर्च्या. मग मी दोन शब्द बोललो. गट माणसाच्या गरजेप्रमाणे करावेत, शोधणाऱ्याच्या मनात शिरावं, वगैरे. या विषयावर मी बाहेर बोलतो तेव्हा लोक लिहून घेतात.

"ते ठीक," दादा म्हणाला. "यात मोठे शब्द कुठले?"

"मोठे म्हणजे?"

"जे पुष्कळ लोक शोधतात."

"सोफा, खुर्ची, गादी. पण दादा, ते शब्द फार मोघम असतात. नुसतं 'खुर्ची' शोधणाऱ्याच्या मनात काय आहे ते..."

"जावईबुवा, थोरल्याकडे मोठे शब्द. उरलेले बाळाला." आणि त्याने पुढे वाकून तीन चिठ्ठ्या उचलल्या.

"झालं," बाळ स्टुलावरून म्हणाला. "रस्त्यालगतचं याला आणि मागचं खडकाळ मला. भाऊजी, तुम्ही साक्षीदार आहात."

"अरे, तुझे शब्द बघ तरी," दादा म्हणाला. "हे बघ. 'मांजराने ओरबाडलेला सोफा.' एका चिठ्ठीत तीन शब्द मिळाले तुला. माझ्या चिठ्ठीत एकच आहे. मी काही बोललो?"

बाळाने ती चिठ्ठी घेतली, बोटांवर शब्द मोजले आणि चिठ्ठी खिशात घातली. मला त्या वेळीच कळायला हवं होतं की ही माणसं शब्दांना फुटपट्टी लावत आहेत.

'स्वस्त' हा शब्द आला तेव्हा दादाने तो नखाने टीपॉयच्या कडेला ढकलला. "हा आपल्या घराण्यात नको."

"तुला नको ना? मग मला दे."

"तुला कशाला?"

"मला हवाय."

"मग मलाही हवाय," असं म्हणून दादाने चिठ्ठी परत ओढली आणि बुडाखाली ठेवली.

खरी अडचण आली ती 'सोफा दुरुस्ती'पाशी.

"सोफा माझा," दादा म्हणाला.

"दुरुस्ती माझी," बाळ म्हणाला. हे खरं होतं. पाचच मिनिटांपूर्वी 'दुरुस्ती' त्याच्या वाट्याला गेली होती.

"चिठ्ठी एकच आहे," माझी बायको म्हणाली.

"फाडा."

"फाडून कसं चालेल?" मी म्हणालो. "माणूस ते दोन्ही एकदम शोधतो. त्याला सोफ्याची दुरुस्ती हवी असते."

"त्याला काय हवं ते त्याचं तो बघेल," दादा म्हणाला. "इथे वाटणी चाललीय."

शेवटी सामाईक विहिरीचा तोडगा निघाला. सकाळी पाळी दादाची, दुपारनंतर बाळाची. दुःखाची गोष्ट ही, की जाहिरातीच्या यंत्रणेत तशी सोय खरोखरच आहे. मी वेळापत्रक भरून दिलं. ज्याचा सोफा सकाळी मोडेल तो थोरल्याकडे जाईल आणि ज्याचा दुपारी मोडेल तो धाकट्याकडे. दोघांनी मान डोलावली. इतकं शहाणपणाचं काही आपण बऱ्याच दिवसांत केलेलं नाही, असे दोघांचेही चेहरे होते.

मग टीपॉयवर एकच चिठ्ठी उरली. 'खुर्चीवाले.'

कुणी हात पुढे केला नाही. दादाने घसा खाकरला. "थोरला मुलगा बापाचं नाव चालवतो."

"आणि बापाजवळ शेवटपर्यंत दुकानात कोण बसायचं?" बाळ म्हणाला.

"बसायचास. फक्त बसायचास."

बाळ उठला. स्टूल पडलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी दाराआडच्या त्या लोखंडी मशीनकडे पाहिलं. या चिठ्ठीवर जर बोलणी फिसकटली, तर मी आणि ते मशीन एकमेकांच्या संगतीत म्हातारे होणार होतो.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. रविवार असल्यामुळे हाताला तेल होतं. त्यांनी चिठ्ठी दोन बोटांत उचलली, लांब धरून वाचली.

"हे माझं," त्या म्हणाल्या.

"आई, तू काय करणार त्याचं?"

"नवऱ्याचं नाव बायकोकडे राहतं. तुम्ही तुमचे सोफे सांभाळा." मग माझ्याकडे वळून, "जावईबापू, यांच्या जाहिराती लिहिणार ना? माझीही लिहा."

मी त्यांचा तिसरा गट केला. त्यात शब्द एकच. जाहिरात त्यांनी उभ्याने सांगितली आणि मी टाइप केली.

"लिहा. खुर्चीवाले गेले, पण त्यांची माणसं आहेत. उगाच नवीन घेऊ नका, जुनं लाकूड चांगलं असतं. आधी फोन करा. एक ते तीन करू नका, मी झोपते. माणूस पाठवल्यावर घराला कुलूप लावून जायचं नाही."

"आई, मथळ्याला तीसच अक्षरं चालतात."

"मग तीस-तीस करून लिहा."

"फोन नंबर कुठला घालू?"

त्या आत गेल्या, गाठोडं सोडलं आणि दुकानाचा तो बटणांचा फोन घेऊन आल्या. सासरे गेल्यापासून तो बंदच होता. "हाच. जरा चार्जिंगला लावा."

मी फोन चार्जिंगला लावला. जाहिरात पुढे पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत काहीतरी आलं, पण त्याच वेळी बायकोने चहा आणला आणि दादा आणि बाळ पहिल्यांदाच एका बशीतली बिस्किटं घेत होते. असा देखावा सोडून पडद्याकडे कोण बघतो?

"मग मशीन कधी नेताय?" मी विचारलं.

"आता जाहिरात कुणाची चालते ते बघू," दादा म्हणाला. "ज्याचं काम वाढेल त्याला मशीन. काय बाळ?"

"चालेल," बाळ म्हणाला. शत्रुत्वात का होईना, त्यांचं एकमत झालं.

पुढच्या काही दिवसांत दादाकडे लोकांची रीघ लागली. त्याचे शब्द मोठेच होते. 'सोफा'वरून एका मुलीने फोन केला. तिला शाळेसाठी सोफ्याचं चित्र काढायचं होतं आणि पाय किती काढू ते विचारायचं होतं. एकाने कुत्रा सोफ्यावरून उतरत नाही म्हणून फोन केला. 'खुर्ची'वरून एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्यांना संगीत खुर्चीच्या खेळासाठी खुर्च्या हव्या होत्या, आणि दर फेरीला एक खुर्ची काढून घेणारा माणूसही. दादाने त्यांना काय सुनावलं ते मला सांगितलं नाही. पण शाळेने तक्रार माझ्याकडे केली.

बाळाच्या शब्दांवरून फोन कमी आले, पण जे आले ते नेमके आले. मांजरवाल्या बाईंचा सोफा बघायला तो गेला, तर सोफा केव्हाच भंगारात गेला होता आणि बाईंना बोलायचं होतं ते मांजराबद्दल. तो तीन तास ऐकून आला. 'बसलं की आवाज करणारी खुर्ची' या शब्दांवरून एका निवृत्त गृहस्थांनी बोलावलं. बाळाने खुर्ची पूर्ण खोलली, सगळे खिळे बदलले, पुन्हा जोडली. गृहस्थ बसले. आवाज आला. मग बाळ स्वतः बसला. आवाज आला नाही. आवाज गृहस्थांच्या गुडघ्याचा होता.

"भाऊजी, या शब्दाचं काय करू?" त्याने हताशपणे विचारलं.

"शेजारी हाडांचा दवाखाना आहे का? त्यांना विकू."

मग दादाला कुणीतरी सांगितलं की जाहिरातीवर प्रत्येक क्लिकला जाहिरातवाल्याचे पैसे जातात. हे सांगणारा मीच होतो. तो चांगल्या हेतूने विचारतोय असं मला वाटलं. त्या आठवड्यात बाळाच्या जाहिरातीवर कधी नव्हे एवढे क्लिक आले, सगळे सकाळच्या चहाच्या वेळेला, सगळे थोरल्या वहिनींच्या माहेरच्या गल्लीतून. बाळानेही मग मांजरवाल्या बाईंना विश्वासात घेतलं. त्यांना वेळही होता आणि बोटंही चपळ होती. शिवाय दोघांनीही मला लपून फोन केले. दादा म्हणाला, "गुपचूप माझ्याकडेही ते मांजर घाला." बाळ म्हणाला, "भाऊजी, 'सोफा' जरासा, अगदी दुपारपुरता." शेताचा बांध रोज वीतभर कोरावा तसे ते एकमेकांच्या शब्दांत शिरत होते. थोड्याच दिवसांत दोघांचे शब्द तेच झाले आणि दोघे भाऊ एकाच शब्दासाठी एकमेकांविरुद्ध बोली लावून त्याचा भाव चढवू लागले. माझ्या व्यवसायात याहून मोठी चूक नाही. मशीन माझ्या खोलीतून हलण्याची चिन्हं नव्हती, कारण काम कुणाचंच वाढत नव्हतं.

आणि इकडे आतल्या खोलीत बटणांचा फोन वाजू लागला होता.

"हं, बोला," सासूबाई म्हणायच्या. "टोचतंय का? बसताना टोचतंय की उठताना? उठताना ना? मग स्प्रिंग नाही, खिळा आहे. माणूस पाठवते. घरी थांबायचं, काय? कुलूप लावून जायचं नाही."

दिवसाकाठी चार, पाच, कधी सात फोन. एक ते तीन मात्र एकही घ्यायच्या नाहीत. मी चकित झालो, मग खूश झालो. एका शब्दाचा गट, त्याला शोभेल अशी एकच जाहिरात! मी बाहेर जे सांगत फिरतो ते माझ्याच घरात सिद्ध होत होतं.

आलेली कामं सासूबाई मुलांना वाटून द्यायच्या, आणि गट त्यांनी स्वतःचेच केले होते. जिना असलेली घरं बाळाला, कारण दादाची कंबर धरते. भांडखोर गिऱ्हाइकं दादाला, कारण त्याला तेवढंच बरं वाटतं. रडवी बाळाला. घासाघीस करणारी पहिल्यांदा बाळाकडे पाठवायची, तो लाजून हो म्हणतो, आणि मग हिशेबाला दादाला पाठवायचं.

"आई, हे लिहून ठेवलंय कुठे?" मी एकदा विचारलं.

"काय लिहायचं त्यात? माझीच मुलं आहेत."

मुलांना फोन करताना त्या एवढंच सांगायच्या, "जाहिरातीतून आलंय, जा." त्यामुळे दादाला वाटलं, 'सोफा' पावला. बाळाला वाटलं, मांजर पावलं. दोघांनीही क्लिक करणं थांबवलं. कामाला वेळ पुरेना. दादाने चारचौघांत सांगितलं, "जावईबुवांनी शब्द बरोबर वाटले हो." मी नम्रपणे खाली पाहिलं. खाली मशीनची पट्टी होती.

मग मोठं काम आलं. एका डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षातले सगळे सोफे, चामड्याचे. ते साध्या मशीनवर होणारं नव्हतं. सासूबाईंनी दोघांनाही एकाच दिवशी, एकाच वेळी माझ्या खोलीत बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन भिंतीला चिकटलो.

पहिला अर्धा तास कामकाज माझ्यामार्फत चाललं.

"जावईबुवा, त्याला म्हणावं चामडं सरळ धर."

"भाऊजी, त्याला सांगा, मोजून कापलं असतं तर सरळ आलं असतं."

"याला म्हणावं, पट्टी घेऊन ये मग उद्या."

"आणलीय म्हणावं."

सासूबाई माझ्या खुर्चीत बसून मशीन चालवत होत्या. चाळीस वर्षं दुकानातली सगळी शिलाई त्यांनीच केली होती, हे मला त्या दिवशी कळलं. सासरे खिळे ठोकायचे आणि लेबलं लावायचे. चामड्याचा भलामोठा तुकडा सुईखालून सरकत होता आणि स्वतःच्या वजनाने एका बाजूने घसरू लागला.

"धर!" दादा ओरडला.

"धरलंय," बाळ म्हणाला.

"सोडू नको."

"नाही सोडत."

वाटणीचा विषय सोडून वर्षभरात ते एकमेकांशी थेट बोलले ते एवढंच. सासूबाईंनी पाय थांबवला नाही. शिलाई संपेपर्यंत वर पाहिलंही नाही. मग म्हणाल्या, "दोरा तोडा कुणीतरी," आणि दादाने कात्री बाळाच्या हातात दिली.

महिनाअखेरीस प्लायवूडची भिंत निघाली. बाळाने मोजली, दादाने कापली, आणि तिचं डॉक्टरांकडे चप्पल ठेवायचं कपाट झालं. आता मशीनच्या निकालाचा प्रश्नच उरला नव्हता; दुकान एक, मशीन एक. मी स्वतः टेम्पो ठरवला. माझं टेबल माळ्यावरून काढून पुसून ठेवलं. चार माणसं आली, त्यांनी बाह्या सरसावल्या.

"कुठे नेताय?" सासूबाईंनी विचारलं. हातात तेलाची कुपी होती, रविवार होता.

"दुकानात, आई," दादा म्हणाला. "मधोमध ठेवतो. तुझी खुर्चीही तिथेच."

"मधोमध म्हणजे कुणाच्या बाजूला?"

"आता बाजू कुठे राहिल्या?" बाळ म्हणाला.

"तिकडे गेलं की ते तुमचं मशीन," सासूबाई म्हणाल्या. "इथे आहे तोवर माझं. मी बोलावते तेव्हा दोघं इथे येता. तिथे कोण कुणाला बोलावणार?"

दादाने बाळाकडे पाहिलं. बाळाने चपलांकडे पाहिलं. चौघा माणसांनी बाह्या खाली केल्या आणि टेम्पोवाल्याने फेरीचे पैसे मागितले. ते मी दिले. टेबल पुन्हा माळ्यावर गेलं. सध्या मी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला बसून काम करतो, कुकरची शिट्टी झाली की ऑनलाइन बैठकीतून थोडा वेळ रजा घेतो.

एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. हरलो असेन, पण माझ्या शास्त्राने एक घर सांधलं होतं. हे यश नव्या ग्राहकांना दाखवावं म्हणून मी परवा ते खातं उघडलं. दादाचा गट, बाळाचा गट, तिसरा गट. तिसऱ्या गटापुढे लाल अक्षरं तशीच होती: मजकूर मर्यादेपेक्षा जास्त, जाहिरात नामंजूर. किती लोकांना दिसली, शून्य. किती जणांनी क्लिक केलं, शून्य. पहिल्या दिवसापासून.

मी उठून आत गेलो. सासूबाई माझ्या खुर्चीत बसून फोन हातात घेऊन कुणाला तरी कुलपाबद्दल बजावत होत्या.

"आई," त्यांचं झाल्यावर मी विचारलं, "या लोकांना हा नंबर मिळतो कुठून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासरे बघायचे तसं. मग त्या उठून बाजूला झाल्या.

"खुर्ची उलटी करा," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची उलटी केली. खाली लेबल होतं. नंबर अजून वाचता येत होता.